दार लावले की विझणारा गीझर

नागपूर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला मे महिन्यातले ऊन आठवते. पण डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे इथल्या नळाच्या पाण्यात हात घालून पाहावा! २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा दिवसांत ऊन पाण्यावाचून आंघोळ होत नाही. पूर्वी त्यासाठी चुलीवर गुंडभर पाणी चढे, खाली पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत. ज्यांना परवडे त्यांच्याकडे तांब्याचा बंब असे. आज त्या जागी भिंतीवर टांगलेली, पुस्तकाच्या कपाटातील एका खणाएवढी पेटी आली आहे. नळ सोडला की ती आपोआप पेटते आणि बंद केला की विझते. हा गॅस गीझर.

आमच्या घरचा गीझर एका जानेवारीत बिघडला. बिघाड मोठा चमत्कारिक होता. आई आंघोळीला बसली की सात-आठ मिनिटांनी गीझर विझे. आतून हाक येई, “अरे, पुन्हा थंड आलं पाणी!” ती बाहेर आल्यावर आम्ही जाऊन नळ सोडावा, तर गीझर निमूटपणे पेटे आणि पेटलेला राही. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पंधरा मिनिटे चालवून पाहिला. “साहेब, चालू तर होऊन राहिला ना!” एवढे बोलून, सेल बदलून तो गेला. दुसऱ्या दिवशी आईच्या आंघोळीत गीझर पुन्हा विझला.

त्याच सुमारास आईची आणखी एक तक्रार होती. आंघोळीनंतर डोके जड होते, जरा मळमळते. वय झाले, थंडी आहे, रक्तदाबाची गोळी बदलून पाहू, असे आम्ही म्हणत होतो. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे आमच्या मनातही आले नाही. उपकरणांतील दोष शोधण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांच्या घरातली ही गोष्ट आहे.

शेवटी प्रयोगशाळेत करतो तेच घरी करायचे ठरवले. उपकरण कसे चालते ते आधी समजून घ्यायचे, मग एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि ती निर्दोष ठरली की बाजूला ठेवायची. ही पद्धत वर्गात शिकवण्याजोगी असल्याने तपास सविस्तर सांगतो.

पाण्याची चावी

गीझरमध्ये थंड पाणी शिरते तेव्हा प्रथम त्याला एक बारीक जाळी लागते आणि मग पाण्याची झडप. या झडपेत रबराचा एक गोल पडदा ताणून बसवलेला असतो. पडद्याच्या एका बाजूला येणाऱ्या पाण्याचा पूर्ण दाब असतो. दुसरी बाजू नळीच्या एका अरुंद भागाला जोडलेली असते. वाहते पाणी अरुंद जागेतून जाताना त्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. शाळेत आपण शिकवतो ते बर्नुलीचे तत्त्व ते हेच. पाणी वाहू लागले की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो, पडदा सरकतो आणि त्याला लागून असलेली पिन एक लहानसा विजेचा खटका दाबते. पाणी थांबले की दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतात आणि पिन मागे येते. पाणी वाहत नसताना आग पेटू नये, याची ही व्यवस्था आहे.

नळ सोडूनही गीझरमधून ठिणगीचा ‘टक टक’ आवाज आलाच नाही, तर पहिला संशय इथे घ्यावा. टाकीची उंची कमी असली तर पडदा सरकण्याइतका दाब मिळत नाही. पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असेल तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोग्रॅम दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीतील पाणी आपल्या नळापेक्षा तीनच मीटर वर असेल, तर तो ०.३ एवढाच भरतो. म्हणून वरच्या मजल्यावरच्या लोकांची ही तक्रार नेहमीची. याशिवाय जाळीत वाळू अडकते, किंवा पडद्याचे रबर कालांतराने ताठरते, त्याला भोक पडते.

तपासणी सोपी आहे. दहा लिटरची बादली आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्यावे. आमची बादली १ मिनिट ५० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेपाच लिटर पाणी. नेहमीच्या घरगुती गीझरला हे पुरेसे आहे. जाळी काढून धुतली, तिच्यात फारसे काही नव्हते. शिवाय आमचा गीझर पेटत होता. पाण्याची बाजू निर्दोष ठरली.

ठिणगी आणि पहारेकरी

खटका दाबला गेला की दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलांवर चालणारी एक छोटी विद्युत-पेटी जागी होते. ती एकीकडे ठिणग्या पाडते आणि दुसरीकडे विद्युतचुंबकावर चालणारी वायूची झडप उघडते. ज्योत पेटली की ठिणगी थांबते आणि पहारा सुरू होतो. बर्नरच्या वर ज्योतीत बुडालेली धातूची एक काडी असते. ज्योतीत विद्युतभारित कण, म्हणजे आयन, असतात. त्यामुळे काडी आणि बर्नर यांच्यामध्ये ज्योतीतूनच अतिशय क्षीण प्रवाह वाहतो, अवघा काही मायक्रोअँपियर. हा प्रवाह मिळतो तोवर पेटी समजते की ज्योत जिवंत आहे. प्रवाह तुटला की ती काही सेकंदांत वायूची झडप मिटते. न जळलेला वायू घरात पसरू नये म्हणून हा पहारेकरी बसवलेला आहे.

इथले बिघाड ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ठिणगीच नाही, तर सेल उतरलेले असतात किंवा न्हाणीघरातील दमटपणाने सेलच्या टोकांवर क्षार चढलेले असतात. ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही, तर वायू पोचत नाही किंवा झडप उघडत नाही. ज्योत पेटते आणि काही सेकंदांतच विझते, तर पहारेकरी काडीवर काजळी बसलेली असते, ती वाकलेली असते किंवा सेल अशक्त असतात. जुना सेल व्होल्टमापकाला लावला तर तो दीड व्होल्ट दाखवू शकतो, पण झडप धरून ठेवण्याचे काम सांगितले की त्याचा अंतर्गत रोध आड येतो आणि व्होल्टता कोसळते. म्हणून सेलची परीक्षा भार देऊनच करावी.

आमचे सेल नवे होते. काडी स्वच्छ होती. शिवाय गीझर विझत होता तो काही सेकंदांनी नव्हे, सात-आठ मिनिटांनी. काही गीझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, तीही इथे लागू पडत नव्हती.

वायूचा दाब

घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. रेग्युलेटर त्यांचा दाब उतरवून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅमवर आणतो. हा दाब म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ, शाळेतल्या फूटपट्टीएवढा! एवढ्या नाजूक दाबावर सगळे चाललेले असल्याने नळी कोठे दुमडली, जुनी झाली किंवा तिच्या तोंडाशी मळ साचला तर ज्योत लगेच बारीक होते.

हिवाळ्यात आणखी एक अडचण येते. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते. ती सिलिंडरच्याच अंगातून काढून घेतली जाते, म्हणून बराच वेळ गीझर चालला की सिलिंडर गार पडतो आणि त्यावर दव धरते. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतो, तेव्हा गार सिलिंडरात त्याचा दाब फारच कमी उरतो. सिलिंडर संपत आला असेल तर हे अधिकच जाणवते. त्यावर उपाय म्हणून सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा शेकणे हा वेडेपणा आहे, तो कोणीही करू नये. वायूची गळती शोधायची तर साबणाच्या फेसाने शोधावी, काडी ओढून कधीही नव्हे.

आमच्याकडे सिलिंडर दोनच दिवसांपूर्वी बदलला होता. स्वयंपाकघरातील शेगडीची ज्योत खणखणीत निळी होती. वायूही निर्दोष.

मधले भांडे

ज्योतीच्या वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी आणि तिच्यातून फिरणारी पाण्याची नळी असते. ज्योतीची उष्णता पाण्याला मिळते ती इथे. पाणी जड असेल, विशेषतः विंधन विहिरीचे असेल, तर नळीत कॅल्शियम कार्बोनेटचा थर चढतो. बाहेरून पट्ट्यांवर काजळी बसते. दोन्ही थर उष्णता अडवतात. लक्षण असे की ज्योत मोठी असूनही पाणी कोमटच येते. आमचे पाणी विझेपर्यंत कढत येत होते, म्हणून हाही दोष नव्हता.

आता आमची यादी संपली. पाणी ठीक, ठिणगी ठीक, वायू ठीक, भांडे ठीक. तरी गीझर विझत होता.

गीझर नव्हे, खोली

एका संध्याकाळी आम्ही कागदावर दोन रकाने पाडले. गीझर विझतो तेव्हा काय काय असते ते एका रकान्यात लिहिले आणि विझत नाही तेव्हा काय काय असते ते दुसऱ्यात. गीझर तोच, सिलिंडर तोच, पाणी तेच. फरक एकच निघाला. आई आंघोळीला जाते तेव्हा दाराला आतून कडी असते. आम्ही आणि दुरुस्तीवाला गीझर तपासतो तेव्हा दार सताड उघडे असते.

वर पाहिले. न्हाणीघराच्या झरोक्याच्या तिरप्या काचांवर थर्मोकोलचा तुकडा घट्ट बसवलेला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला, गार वारा लागतो म्हणून, तो आम्हीच बसवला होता.

खात्रीसाठी एकदाच पडताळा घेतला. आत कोणी नाही, गीझर सुरू, दार बाहेरून लावलेले, सिलिंडरची चावी हाताशी. आठव्या मिनिटाला आतून ‘टक टक’ ऐकू आले. ज्योत विझली होती. लगेच सिलिंडर बंद केला, दार उघडले आणि थर्मोकोल काढून सारे घर मोकळे केले. हा प्रयोग वाचकांनी घरी करून पाहू नये. त्याचे उत्तर पुढील आकडेमोडीत मिळते, जीव धोक्यात घालण्याची गरज नाही.

हवेचा हिशेब

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर दर मिनिटाला १५० किलोकॅलरी उष्णता लागते, तासाला ९,०००. एक किलो गॅस जळून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात, त्यातल्या काही धुराबरोबर निघून जातात. म्हणजे गीझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो.

प्रोपेनच्या एका रेणूला पूर्ण जळण्यासाठी प्राणवायूचे पाच रेणू लागतात, ब्यूटेनच्या एका रेणूला साडेसहा. हिशेब केला तर एक किलो गॅसला सुमारे २,७०० लिटर प्राणवायू लागतो, म्हणजे मिनिटाला ४५ लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या किंचित वर प्राणवायू वापरतो. म्हणजे पेटलेला गीझर एकटा दीडशे माणसांइतका प्राणवायू ओढत असतो! आपल्या न्हाणीघरात दीडशे माणसे कोंबून आपण दार लावून घेऊ का?

आता खोली मोजू. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, अडीच मीटर उंच. म्हणजे साडेसात घनमीटर किंवा ७,५०० लिटर हवा, आणि तिच्यात सुमारे १,५७५ लिटर प्राणवायू. बाहेरून हवा मुळीच येत नाही असे धरले तर आठ मिनिटांत ३६० लिटर प्राणवायू खर्च होतो. हवेतले त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास येते. मेणबत्ती साधारण इथेच विझते. अशा हवेत ज्योत अस्थिर होते, बर्नर सोडून वर उचलली जाते आणि पहारेकरी काडीला तिचा स्पर्श राहत नाही. प्रवाह तुटतो आणि पेटी वायू बंद करते.

आमचा गीझर बिघडलेलाच नव्हता. बिघडली होती ती खोली, आणि गीझर रोज सकाळी तेच सांगत होता.

जे दिसत नाही, ज्याला वास नाही

ज्योत विझण्याआधीच्या त्या काही मिनिटांत आत काय घडत होते, हा खरा प्रश्न आहे. इंधनातील कार्बन एकदम कार्बन डायऑक्साइड होत नाही. आधी कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि पुरेसा प्राणवायू व पुरेशी उष्णता मिळाली तर तो पुढे जळून जातो. प्राणवायू कमी पडला, किंवा ज्योत थंड धातूवर आपटून अवेळी गार झाली, की ही दुसरी पायरी अपुरी राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. डोळ्यांना तो झोंबत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम मर्कॅप्टनचा उग्र वास दिलेला असतो, पण तो न जळलेल्या गॅसला. ज्योतीत तो वासही जळून जातो, म्हणून नाकावर इथे भिस्त ठेवता येत नाही. बंबाची गोष्ट वेगळी होती. त्याचा धूर कोंडला की डोळ्यांतून पाणी येई, खोकला येई आणि माणूस बाहेर पळे. त्यामुळेच बहुतेक घरांत बंब अंगणात किंवा पडवीत पेटवत. बंबातही कार्बन मोनॉक्साइड होताच, पण धूर त्याची वर्दी देई. गॅसच्या स्वच्छ ज्योतीने धूर नाहीसा केला आणि त्याबरोबर ती वर्दीही गेली.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेपट किंवा त्याहूनही अधिक आसक्तीने चिकटते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही विषबाधा रक्ताच्या या बंधनातून होते हे दाखवले. हवेच्या हजार भागांत तीन भाग कार्बन मोनॉक्साइड असला, तर पाच-दहा मिनिटांत डोके दुखून चक्कर येते आणि अर्ध्या तासात जिवावर बेतते. पायांतले बळ आधी जाते. कडी दोन हातांवर असूनही माणूस तेथवर पोचू शकत नाही. भारतीय डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या लक्षणांना ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला एक शाळकरी मुलगी आंघोळ करताना गीझरच्या अशाच वायूने बेशुद्ध पडली आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावली.

आईचे जड डोके आणि मळमळ यांचा अर्थ आम्हाला त्या संध्याकाळी लागला. झरोका मोकळा केला, गीझर बंद ठेवला आणि चारच दिवसांत दोन्ही तक्रारी गेल्या. रक्तदाबाची गोळी आहे तीच राहिली.

एक गोष्ट सांगायची राहिली. दुरुस्तीवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, “साहेब, हा सेन्सरच बारीकसारीक कारणाने तोडून राहिला. डायरेक्ट करून देतो, मग बंदच होणार नाही.” म्हणजे पहारेकऱ्याला वगळून झडप कायम उघडी राहील अशी जोडणी. आम्ही जवळजवळ होकार दिला होता. संध्याकाळ झाली म्हणून ते काम दुसऱ्या दिवसावर गेले, एवढेच. ती जोडणी झाली असती तर ज्योत १६ टक्क्यांखालीही धडपडत जळत राहिली असती आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत गेला असता. ज्योत विझलीच असती तर न जळलेला वायू खोलीत भरला असता. पाणी मात्र अधिक वेळ गरम आले असते आणि दुरुस्ती उत्तम झाली असे आम्ही म्हटले असते.

पण याचा उलटा अर्थही काढू नये. ती काडी हवा मोजण्यासाठी बसवलेली नसते. आमच्या खोलीत ती वेळेवर तुटली, हा बराचसा योगायोग होता. दुसऱ्या गीझरमध्ये ज्योत बर्नरला धरून राहील आणि माणूस आधी कोसळेल. ज्योत पिवळी झाली तर धोका नक्की, कारण तो पिवळेपणा तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. पण ज्योत निळी आहे म्हणून हवा चांगली आहे, असेही प्रमाणपत्र कोणी देऊ शकत नाही.

काय करावे

या गीझरांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. १५५५८ हे मानक २००५ पासून आहे. गॅसच्या सिलिंडरांबाबतचे नियम राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, ‘पेसो’चे, मुख्यालय तर आमच्याच नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. पण आपल्या झरोक्यावर थर्मोकोल बसवलेला आहे का, हे पाहायला कोणी यायचे नाही. ते आपले आपणच पाहायचे.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे गीझर न्हाणीघरात ठेवूच नये. तो मोकळ्या गॅलरीत बसवावा आणि गरम पाण्याची नळी आत न्यावी. आमचा आता तेथेच आहे. ते जमत नसेल तर जळालेला वायू थेट घराबाहेर नेणारे धुराडे हवे आणि खोलीला दोन कायमच्या उघड्या वाटा हव्यात, एक जमिनीलगत, एक छताजवळ. खालच्या वाटेने ताजी हवा येते आणि वरच्या वाटेने तापलेली जाते. गॅस हवेपेक्षा जड असतो, तेव्हा गळती झाली तर तोही खालच्याच वाटेने बाहेर पडतो. नुसता हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून भागत नाही. आत येणारी वाट नसेल तर तो धुराड्यातला वायूच उलटा खोलीत ओढतो.

हे सारे होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर आणि सिलिंडर बंद करावा, खोलीला थोडा वेळ वारा लागू द्यावा आणि मगच आंघोळीला जावे. एकापाठोपाठ एक आंघोळी असतील तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण दुसऱ्या माणसाला पहिल्याने वापरलेली हवा मिळते. आत कोणी बेशुद्ध आढळले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. तेथे गीझरचा उल्लेख आवर्जून करावा. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर एक ते दीड तासात ते निम्म्यावर येते.

वर्गासाठी

या विषयावर वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील. तीन वेगवेगळ्या आकारांच्या काचेच्या बरण्या जळत्या मेणबत्त्यांवर उपड्या ठेवाव्यात आणि प्रत्येक ज्योत किती सेकंदांनी विझते ते नोंदवावे. बरणीचे आकारमान पाणी भरून मोजावे आणि दोहोंचा आलेख काढावा. मग एका बरणीखाली दोन आगकाड्या आडव्या ठेवून तिची कड किंचित उचलावी आणि फरक पाहावा. फार थोड्या फटीने भागत नाही, आणि फट वरही लागते, हे मुलांच्या आपणच लक्षात येईल.

दुसरा गृहपाठ. प्रत्येक मुलाने आपले न्हाणीघर फूटपट्टीने किंवा वितीने मोजावे, आतील हवा किती लिटर ते काढावे आणि झरोका उघडा आहे की बंद ते लिहून आणावे. ज्यांच्या घरी गॅस गीझर आहे त्यांनी मिनिटाला ४५ लिटर प्राणवायूचा हिशेब पुढे करावा. गुणाकार-भागाकाराचा हा सराव वहीत न राहता संध्याकाळी घरी बोलला जाईल, अशी आमची अपेक्षा आहे.

दोष शोधताना आपण यंत्र उघडतो, कारण यंत्राला स्क्रू असतात. खोलीतल्या हवेला स्क्रू नसतात, म्हणून ती आमच्या यादीत आलीच नाही. आमच्या यादीत पाणी, ठिणगी, वायू आणि भांडे होते. पाचवी ओळ आम्ही नंतर लिहिली, आणि ती आता गॅलरीतल्या गीझरशेजारी भिंतीवर चिकटवलेली आहे : “हवा कोठून येते?”